पेट्रोल की डिझेल? आधी चहाची गाळणी बघा

दिवाळीच्या आठवडाभर आधी मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, शोरूममध्येच बसलोय. इथला मुलगा म्हणतो, महिन्याला हजारच्या वर रनिंग असेल तर डोळे झाकून डिझेल घ्या. टोकन देऊन टाकू का?"

"टोकन खिशातच राहू दे," मी म्हटलं. "रविवारी जेवायला ये, मग बोलू."

तो राहतो ठाण्यात कासारवडवलीला आणि नोकरी वागळे इस्टेटमध्ये. म्हणजे सकाळी घोडबंदर रोड, कापूरबावडी, माजिवडा, कॅडबरी, नितीन कंपनी, आणि संध्याकाळी हेच उलट क्रमाने. एका बाजूला दहा-अकरा किलोमीटर. पाऊस आणि मेट्रोचे बॅरिकेड एकत्र आले की तेवढ्याला एक तासही पुरत नाही. शिवाय मुलीचा क्लास, सुट्टीच्या दिवशी मॉल, वर्षातून दोनदा साताऱ्याजवळचं गाव. सगळं धरून महिन्याला आठशे किलोमीटर. शोरूममध्ये त्याने 'हजार-बाराशे' असं ठोकून दिलं होतं. आपण सगळेच तसं सांगतो.

मी स्वतः डिझेलवाला आहे, २०२१ पासून. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते डिझेलच्या रागापोटी नाही. लांबच्या रस्त्याला त्या इंजिनासारखा सोबती नाही, हे मी आजही म्हणतो. पण 'महिन्याला हजार' हा नियम मात्र आता कालबाह्य झाला आहे.

तो नियम आला कुठून? २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये लिटर होतं आणि डिझेल ४१. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक! कारण पेट्रोलचे भाव सरकारने २०१० मध्येच बाजारावर सोडले होते, डिझेलचे मात्र स्वतः धरून ठेवले होते. ट्रक, एसटी, शेतकऱ्याचा पंप सगळं डिझेलवर, म्हणून. त्या स्वस्ताईत मोटारवाल्यांनीही हात धुऊन घेतले. १९९८ मध्ये आलेल्या टाटाच्या डिझेल इंडिकाने मध्यमवर्गाला आणि टॅक्सीवाल्यांना चटक लावली होतीच. पुढे फियाटचं १३०० सीसीचं एकच डिझेल इंजिन स्विफ्टपासून पुंटोपर्यंत इतक्या गाड्यांत बसलं की लोक त्याला गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे. त्या काळात विकल्या जाणाऱ्या मोटारींतल्या निम्म्याच्या आसपास डिझेल असायच्या.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भावही मोकळे झाले आणि दरी बुजत गेली. १ एप्रिल २०२० ला गाडीच्या धुरासाठी बीएस-६ हे कडक नियम आले, आणि छोटी डिझेल गाडी स्वच्छ करण्याचा खर्च इतका वाढला की मारुतीने त्याच दिवसापासून डिझेल मोटारी बंद केल्या. फोक्सवॅगन, स्कोडानेही तोच रस्ता धरला. आज डिझेल मोटार घ्यायची तर टाटा, महिंद्रा, ह्युंदाई, किया, टोयोटा अशी मोजकी दारं उरली आहेत, आणि तिथेही बहुतेक उंच, जड गाड्या. नियम बदलला, इंजिन बदललं, भाव बदलले. शोरूममधलं वाक्य तेवढं तसंच राहिलं.

पंप गरम का होतो

लहानपणी सायकलच्या चाकात हवा भरली असेल, तर पंपाची नळी खालच्या बाजूला गरम लागते हे आठवत असेल. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनाचं सगळं रहस्य एवढंच आहे.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण साधारण दहा-बारा पट दाबतात आणि मग स्पार्क प्लगची ठिणगी पाडून पेटवतात. डिझेल इंजिनात ठिणगीच नाही. तिथे नुसती हवा पंधरा ते अठरा पट दाबतात. ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेट घेतं. ही कल्पना रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरची. १८९७ मध्ये त्याचं इंजिन नीट चाललं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तर असं एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. आपल्याकडे आजच्या भावाने ते परवडणार नाही, ती गोष्ट वेगळी.

आता या एका फरकातून बाकीचं सगळं निघतं. एवढा दाब सोसायचा तर इंजिन दणकट हवं, म्हणून ते जड आणि महाग. फवारा इतका बारीक हवा की आजच्या डिझेल गाडीत इंधनाचा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो. तुमच्या टायरमध्ये सव्वादोन बार असतो आणि साध्या पेट्रोल गाडीच्या इंधन नळीत तीन-चार. म्हणून डिझेलचा पंप आणि इंजेक्टर ही घड्याळजीच्या तोडीची कामं आहेत, आणि बिघडली की बिलही त्याच तोडीचं येतं. चुकून डिझेल गाडीत पेट्रोल भरलं तर पेट्रोल गाडीत डिझेल भरण्यापेक्षा जास्त घात होतो, तोही यामुळेच: डिझेलला स्वतःचा थोडा तेलकटपणा असतो, त्यावर तो पंप वंगण घेतो. पेट्रोल कोरडं. तसं झालं तर किल्ली फिरवूच नका, गाडी ढकलून बाजूला घ्या.

फायदेही त्यातूनच. डिझेलच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते, आणि जास्त दाबामुळे इंजिन ती जास्त चांगली वापरतं. टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, जोडीने इंजिनाच्या कमी फेऱ्यांतच भरपूर ओढ मिळते. पाच माणसं, गणपतीचं सामान, एसी चालू, आणि समोर कशेडी किंवा कसारा घाट: अशा वेळी साधी पेट्रोल गाडी दुसऱ्या गिअरवर किंचाळते आणि डिझेल तिसऱ्यावर शांतपणे चढत राहते. टर्बो पेट्रोल गाड्यांनी ही उणीव बरीच भरून काढली आहे. पण त्यांचा स्वभाव असा की हळू चालवलं तर कमी पितात, जोर लावला की घटाघटा.

ट्रॅफिकमध्येही, ऐकायला विचित्र वाटेल, पण डिझेलच कमी पितं. पेट्रोल इंजिनात आत येणारी हवा एका झडपेने अडवून धरावी लागते. गाडी रेंगाळत असते तेव्हा इंजिन जणू नाक दाबून श्वास घेतं आणि त्यातच इंधन वाया जातं. डिझेलला ती अडवणूक जवळजवळ नाही. ते नुसतं उभं असताना थेंबथेंबच घेतं. म्हणून हायवेवर दोघांच्या ॲव्हरेजमध्ये जेवढा फरक दिसतो, त्याहून जास्त कापूरबावडीच्या सिग्नलला असतो.

इथवर ऐकून मेव्हणा खूश. "म्हणजे घोडबंदरला डिझेलच बरं की!"

तेवढ्यात चहा आला.

गाळणी

आमच्याकडे चहा स्टीलच्या गाळणीतून गाळतात. महिना-दीड महिना गेला की तिची बारीक छिद्रं चोथ्याने बुजतात, चहा वरच साचतो. मग बायको काय करते? गाळणी गॅसच्या ज्योतीवर धरते. चोथा लाल होऊन जळतो, राख झटकली की गाळणी पुन्हा नवी. प्रत्येक मराठी स्वयंपाकघरात हे कधी ना कधी झालेलं असतं.

बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर अशीच एक गाळणी असते. डीपीएफ म्हणतात तिला. डिझेलच्या धुरातली काजळी ती अडवते. ही काजळी उगाच अडवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलच्या धुराला २०१२ मध्येच कर्करोगकारक म्हणून जाहीर केलं आहे. जुन्या टेम्पोमागे चालत गेलेल्या कुणालाही हे पटवून द्यावं लागणार नाही.

तर ही गाळणी भरते, आणि तिलाही ज्योतीवर धरावं लागतं. ज्योत म्हणजे गाडीचाच गरम धूर. काजळी जळायला साडेपाचशे-सहाशे अंश तापमान लागतं. गाडी हायवेवर साठच्या वर, एका दमात पंधरा-वीस मिनिटं धावली की इंजिन थोडं जादा डिझेल सोडून ते तापमान गाठतं आणि काजळी जाळून टाकतं. तुम्हाला कळतही नाही.

पण कासारवडवली ते वागळे? पहिला, दुसरा, ब्रेक. पहिला, दुसरा, ब्रेक. सायलेन्सर कधी धड तापतच नाही. इंजिन साफसफाई सुरू करतं, तेवढ्यात ऑफिसचं गेट येतं आणि आपण गाडी बंद करतो. अर्धी राहिलेली सफाई उद्या पुन्हा पहिल्यापासून. त्यात दर खेपेला जादा सोडलेल्या डिझेलपैकी थोडं सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि, गंमत बघा, डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, त्याची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढते.

म्हणजे ज्या रस्त्यावर डिझेल पेट्रोलला सगळ्यात जास्त मागे टाकतं, तोच रस्ता त्याची गाळणी तुंबवतो. माझं म्हणणं एवढंच आहे की महिन्याला किलोमीटर किती हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ते किलोमीटर कसले?

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझी गाडी आली आणि पाठोपाठ ऑफिस घरून सुरू झालं. पाच-सहा महिने गाडी मानपाड्याहून गावदेवी मंडईपर्यंत जायची आणि यायची. एक दिवस डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला: एक डबी, आत ठिपके. मला वाटलं, पेट्रोल पंपावरच्या भेसळीचं काहीतरी असेल, जाईल आपोआप. तीन आठवडे दुर्लक्ष केलं. मग जुलैच्या पावसात, फ्लायओव्हरच्या चढावर, गाडीने मान टाकली. बंद पडली नाही, पण पाय कितीही दाबला तरी पुढे जाईना. मागून हॉर्नचा जो पाऊस पडला तो वरच्या पावसाहून मोठा होता. सर्व्हिस सेंटरने संगणक लावून गाळणी जबरदस्तीने साफ केली, ऑइल बदललं आणि साडेअकरा हजारांचं बिल हातात दिलं. वॉरंटी? "साहेब, ही वापराची चूक धरतात, मॅन्युअलमध्ये लिहिलंय." लिहिलं होतं खरंच. डिझेल विकताना मात्र कुणी ते पान उघडून दाखवलं नव्हतं.

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी मी रविवारी पहाटे नाशिक हायवेला जातो. माजिवडा ते वडपे रस्त्याच्या कामामुळे तिथे गाडी धावेल याची खात्री नसते, पण वडपे ओलांडलं की मोकळं. पडघा, शहापूर, तिथे मिसळ, आणि परत. बायको याला 'गाडीला फिरवून आणणं' म्हणते. जादाचं डिझेल आणि मिसळ, दोन्ही डिझेलच्या खात्यात धरायला हवेत असंही तिचं म्हणणं आहे, आणि ते बरोबर आहे.

काही गॅरेजवाले सांगतील, "काढून टाकू ती जाळी, कटकटच नको." ऐकू नका. ते बेकायदा आहेच, शिवाय तुमच्या मुलांच्या नाकाच्या उंचीवर तो धूर सोडणं आहे.

डिझेल धुरात काजळीखेरीज नायट्रोजनचे ऑक्साइड असतात. त्यासाठी बऱ्याच मोठ्या गाड्यांत युरियाच्या पाण्याची वेगळी छोटी टाकी असते, त्याला डीईएफ म्हणतात. ती काही हजार किलोमीटरला भरत राहायची. पूर्ण रिकामी झाली तर गाडी पुन्हा चालू व्हायला नकार देते, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

कागदावरचा हिशेब

मेव्हणा बँकेत नाही, पण आकड्यांचा माणूस आहे. म्हणून वही काढली. तुम्हीही तुमचे आकडे घालून बघा. मी हिशेबाला पेट्रोल १०३ रुपये ५० पैसे आणि डिझेल ९० रुपये धरतो. हा साडेतेरा रुपयांचा फरक मुख्यतः कराचा आहे. जुलै २०२४ पासून मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या हद्दीत राज्याने डिझेलवरचा व्हॅट २४ वरून २१ टक्के केला आणि पेट्रोलवरचा २६ वरून २५. त्यामुळे इथे तो थोडा रुंदावला. पण कराचा फरक हा सरकारच्या मर्जीचा, २०१४ नंतर भावाची दरी बुजली तसा उद्या हाही आटू शकतो.

समजा, एकाच गाडीचं पेट्रोल मॉडेल ११ लाखांना आहे आणि डिझेल १२ लाख ४० हजारांना. वरवर फरक एक लाख चाळीस हजार. आता आरटीओ. महाराष्ट्रात रोड टॅक्स पेट्रोलला किमतीनुसार ११, १२ किंवा १३ टक्के आणि डिझेलला १३, १४ किंवा १५. दहा ते वीस लाखांच्या टप्प्यात पेट्रोलचा कर होतो १ लाख ३२ हजार, डिझेलचा १ लाख ७३ हजार ६००. फरक ४१ हजार ६००. दोन टक्के जास्त आणि तेही जास्त किमतीवर, असा दुहेरी मार आहे हा, आणि शोरूममधल्या तक्त्यात तो 'ऑन रोड' या दोन शब्दांत लपतो. विम्याचे थोडे धरून एकूण १ लाख ८५ हजार.

ॲव्हरेजसाठी ब्रोशरमधला आकडा घेऊ नका. तो एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचा, चाचणी केंद्रात रोलरवर मोजलेला असतो. तिथे ना खड्डे, ना रिक्षा. ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये अशी पेट्रोल गाडी १२ आणि डिझेल १६ देते असं धरू. मग पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ८ रुपये ६२ पैसे आणि डिझेलचा ५ रुपये ६२ पैसे. किलोमीटरमागे बचत तीन रुपये. १ लाख ८५ हजार भागिले तीन, म्हणजे साधारण ६२ हजार किलोमीटर झाले की डिझेलचे जादा पैसे फिटले.

मेव्हण्याच्या महिन्याला आठशेने, म्हणजे वर्षाला ९,६०० ने, ते झाले साडेसहा वर्षं.

"चालेल की, दहा वर्षं ठेवणारच आहे गाडी," तो म्हणाला.

थांब, म्हटलं, कर्ज काढणार आहेस ना? ते जादाचे १ लाख ८५ हजारही कर्जातूनच येणार. नऊ टक्क्यांनी पाच वर्षांत त्यावर साधारण ४५ हजार व्याज जातं. म्हणजे फेडायचे झाले २ लाख ३० हजार, आणि किलोमीटर जवळजवळ ७७ हजार. आठ वर्षं. शिवाय डिझेल फिल्टर, जास्तीचं ऑइल, महाग सर्व्हिसिंग यांचे वर्षाला चार हजार वजा केले तर नऊच्या पुढे. एवढ्यात एखादा इंजेक्टर गेला किंवा गाळणी बदलावी लागली, तर बचत तिथेच संपली.

हाच हिशेब पनवेलहून रोज पुण्याकडे जाणाऱ्या, महिन्याला अडीच हजार किलोमीटर करणाऱ्या माणसाचा मांडा. हायवेवर ॲव्हरेज दोन्हीकडे वाढतं, म्हणून बचत तीनऐवजी अडीच रुपये धरू. तरी त्याचे २ लाख ३० हजार तीन वर्षं आणि थोड्या महिन्यांत फिटतात, आणि गाळणी रोज आपोआप स्वच्छ. त्याने डिझेल घ्यावं. अगदी डोळे झाकून नाही, पण डोळे किलकिले केले तरी चालतील.

जीएसटीचं मात्र एक बरं झालं. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आत लांबी असलेली आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसी, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंतची गाडी १८ टक्क्यांत येते, बाकीच्या पेट्रोल-डिझेल गाड्या ४० मध्ये. पूर्वी छोट्या डिझेलवर पेट्रोलपेक्षा दोन टक्के उपकर जास्त होता, तो गेला. इतक्या गाड्या नेमक्या ३,९९५ मिलिमीटर लांब का असतात, याचं उत्तरही या ओळीतच आहे. डिकी छोटी असते ती डिझायनरच्या हौसेने नव्हे.

पेट्रोलवाल्यांनाही त्यांचं दुखणं आहेच. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या मानाने एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे साध्या गणितानेच लिटरामागे सहा-सात टक्के ऊर्जा घटते. ई-२० साठी बांधलेलं नवं इंजिन त्यातलं थोडं भरून काढतं, जुनं नाही. 'पूर्वी पंधरा द्यायची, आता चौदा देते' ही तक्रार बऱ्याचदा खरी असते. आपल्याच राज्यातल्या उसाचे पैसे शेतकऱ्याला मिळतात, एवढं समाधान मानायचं.

"दहा वर्षांनी डिझेल बंद करतात ना?"

हा प्रश्न मेव्हण्याच्या बायकोचा, आणि सगळ्यात शहाणा. दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी ही दिल्ली आणि आसपासच्या परिसरासाठी आली. महाराष्ट्रात एमएच ०४ असो वा एमएच ४३, खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, डिझेल असो वा पेट्रोल. त्यानंतर फिटनेस दाखवून आणि ग्रीन टॅक्स भरून ती पुढे वाढवता येते.

पण वारं कुठल्या दिशेला आहे तेही बघावं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या प्रकरणात, मुंबई महानगर प्रदेशातून पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का हे तपासायला सांगितलं आणि राज्याने त्यासाठी समिती नेमली. यात पेट्रोलही आलं, हे लक्षात घ्या. तरीही कधी कात्री लागलीच तर आधी डिझेलला लागेल असं मला वाटतं. हा माझा अंदाज, कुठला नियम नव्हे. ज्याला गाडी दहा-बारा वर्षं वापरून मग विकायची आहे त्याने तो मनात ठेवावा.

आणि सीएनजी? खरं तर डिझेल जे काम २०१२ मध्ये करत होतं ते ठाण्यात आज सीएनजी करतो. शहरात किलोला वीस किलोमीटर आणि ८० रुपये किलो धरला तरी किलोमीटरला चारच रुपये, आणि गाळणीची भानगड नाही. बदल्यात डिकी जाते, ओढ कमी होते, आणि पंपावरच्या रांगेत उभं राहायची तयारी लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुख्य गॅसवाहिनीला इजा झाली तेव्हा मुंबई, ठाणे, नवी मुंबईत रिक्षांच्या रांगा किती लांब गेल्या होत्या ते आठवा. मात्र सीएनजीची गाडी पेट्रोलवरही चालते, त्यामुळे अशा वेळी घरी पोचता येतं. रोज रांगेत वीस मिनिटं घालवायला ज्याला हरकत नाही आणि गावी जाताना सामान टपावर चालतं, त्याने शोरूममध्ये डिझेलच्या आधी याची चौकशी करावी. इलेक्ट्रिकचा विषय पार्किंगमध्ये चार्जर लावायला सोसायटी हो म्हणते का इथून सुरू होतो, आणि आमच्या सोसायटीत तो अजून तिथेच आहे.

मेव्हण्याला मी एक गृहपाठ दिला. पंधरा दिवस, जुन्याच गाडीने, किलोमीटर मोजायचे नाहीत. एवढंच लिहायचं की साठच्या वर, सलग वीस मिनिटं गाडी किती वेळा धावली. पंधरा दिवसांनी त्याने फोन केला. एकदा. रात्री अडीच वाजता, सासऱ्यांना विमानतळावर सोडताना.

त्याने पेट्रोल घेतली. आता ॲव्हरेजच्या नावाने रडतो, पण त्याची पिवळ्या डबीशी ओळख नाही.

जाता जाता एक, जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी. २०२० ते २०२२ मधल्या बीएस-६ डिझेल गाड्या आता सेकंड हँड बाजारात बऱ्यापैकी येऊ लागल्या आहेत, आणि त्यातल्या काही माझ्यासारख्यांच्याच आहेत. कमी फिरलेली म्हणजे चांगली, हा पेट्रोलचा नियम इथे लावू नका. पाच वर्षांत वीसच हजार झालेली शहरातली डिझेल गाडी ऐंशी हजार झालेल्या हायवेच्या गाडीपेक्षा जास्त संशयास्पद. इंजिन गार असताना डिपस्टिक काढा, पुसा, परत घालून बघा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल आणि बोटाला डिझेलचा वास येत असेल, तर किमतीची घासाघीस बाजूला ठेवून आधी मालकाला विचारा, गाडी रोज कुठून कुठे जायची.